मास्तर बाकावर

बुधवार, ४ सप्टेंबर

आजपासून माझ्या तोंडाला कुलूप. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी आत घालून पडद्यावर माझा घसा मलाच दाखवला. स्वरतंतूवर गाठ आहे, मोहरीएवढी. बोलायचं नाही, गायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं म्हणे उलट जास्त ताण येतो. महिनाभर हे पाळायचं, मग पुन्हा नळी, मग काय ते ठरवू.

"यांचं ओरडण्याचं काम आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हणणार, एवढ्यात बायको म्हणाली, "हो ना. दर रविवारी, देवासमोर."

डॉक्टर हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. माझं काम उलट अगदी मुकाट्यानं करायचं. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी साचा करतो, मेणात दात बसवतो, घासून-पुसून चकचकीत करून परत पाठवतो. अख्ख्या दिवसात चार वाक्यं बोलत नाही. पण रविवारी सकाळी आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) मिस्सा, म्हणजे उपासना, असते, तिथे पुढे माइकपाशी उभं राहून मी गाणं चालवतो. गेली कित्येक वर्षं. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. काही टवाळ लोक कवळीमास्तर म्हणतात, पण ते माझ्या पाठीमागे.

"पुन्हा गाता येईल ना?" मी कागदावर लिहून विचारलं.

"बोलता नक्की येईल," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं एक, त्यांनी उत्तर दिलं भलत्याचंच. बायकोनं वाटेत एक पाटी विकत घेतली, माणसांशी बोलायला. ही डायरी दातांच्या सामानाच्या कंपनीनं जानेवारीत फुकट दिलेली, कोरीच पडून होती. हिच्यात मी माझ्याशी बोलेन. कुणाशी तरी बोलायला हवं ना.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

संध्याकाळी फादर घरी आले. आमचे फादर तरुण आहेत, गेल्याच वर्षी आले. माणूस चांगला, पण पुस्तकं फार वाचतो.

मी पाटीवर लिहिलं, "माझ्या जागी कोण?"

"कुणीच नाही," फादर म्हणाले. "माइक बंद ठेवू. लोकांनाच गाऊ दे, मास्तर. मिस्सेतलं गाणं खरं तर त्यांचंच की."

लोकांना गाऊ दे! कणकेला म्हणायचं, तुझी तूच मळून घे. लोकांना सूर कोण देणार, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, कोण सांगणार? मी लिहिलं, "गोंधळ होईल."

"होऊ दे," फादर म्हणाले आणि चहा प्यायले. बायकोनं त्यांना आणखी बिस्किटं दिली. तिला त्यांचं म्हणणं पटलं होतं असं मला वाटलं. पण मी विचारलं नाही. पाटी भरली होती.

तरी ताई आहे. माझी थोरली बहीण ऑर्गन वाजवते, मी गायला लागलो त्याच्याही आधीपासून. तिच्या भरवशावर एखादा रविवार निभेल.

रविवार, ८ सप्टेंबर

आज कितीतरी वर्षांनी बाकावर बसलो. बायकोनं सरकून जागा केली. जागा तिथे होतीच म्हणा. ती तिची पिशवी ठेवायची.

पुढून माणसं दिसतात ती वेगळी आणि बाकावरून दिसतात ती वेगळी. इथून नुसत्या माना दिसतात. पुढून मला तोंडं दिसायची, आणि त्यातली निम्मीअधिक माझ्याच हातची. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा 'स' म्हणताना शिट्टी वाजवतात, कारण त्यांनी वरची कवळी तीन महिन्यांत परत आणून दाखवायची ती अजून आणलेली नाही. शिवणवाल्या बाई तोंड उघडतच नाहीत. त्यांना वाटतं, पडेल. नाही पडणार. मी स्वतः बसवली आहे.

तर प्रवेशगीत. फादर मागच्या दारातून चालत वेदीकडे येतात आणि सगळे उभे राहून गातात. आमचं ठरलेलं गीत आहे, आमच्या आईवडिलांच्या वेळेपासूनचं. पहिलीच ओळ: "अनेक आम्ही तरी एकाच देहाचे अवयव सारे." सरळ, लांब, सुंदर ओळ. ताईनं सूर दिला, आणि खोटं कशाला लिहू, लोक गायले. मला वाटलं होतं त्याहून मोठ्यानं गायले. पण "अनेक आम्ही तरी एकाच" एवढं म्हणून सगळं देऊळ थांबलं! ताईनं तिथे ऑर्गनवर तिची ती चार सुरांची छोटी गिरकी घेतली, आणि मग सगळे पुन्हा "देहाचे अवयव सारे" म्हणून निघाले. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यातही तेच. ओळीची दोन शकलं. मधल्या वाटेवर फादरसुद्धा तेवढ्यापुरते थांबत होते.

मी असताना असं कधी झालं नाही. एका रविवारात शिस्त अशी ढासळते.

आणखी एक. बायको गाते. म्हणजे गात असणारच, सगळेच गातात, पण ती चांगली गाते. खालच्या पट्टीत, न ओढता. आमच्या बाकावरची आणि मागच्या बाकावरची माणसं तिच्या मागून चालतात असं मला दोनदा वाटलं. भास असेल.

बुधवार, ११ सप्टेंबर

काम संपवून ताईकडे गेलो. पाटीवर लिहिलं, "लोक 'एकाच'नंतर थांबतात."

ताईनं चष्मा लावून वाचलं. "थांबतात खरे," ती म्हणाली.

"तुझ्या गिरकीमुळे. तू तिथे वाजवतेस, म्हणून ते थांबतात. काढून टाक."

ताई माझ्याकडे बघत बसली. लहानपणी मी गणितात नापास झाल्याचं घरी सांगितलं नव्हतं तेव्हा बघत होती, तशी. मग म्हणाली, "काढू म्हणतोस?"

मी मान डोलावली.

"बरं. तूच म्हणतोयस तर काढते." आणि आत जाऊन माझ्यासाठी गरम पाणी आणि मध घेऊन आली. "घसा कसा आहे रे तुझा? आणि छाती? छातीत घरघर नाही ना होत हल्ली?"

घशाचं दुखणं, आणि हिला छातीची काळजी. न्यूमोनिया झाला होता त्याला किती वर्षं लोटली. पण थोरल्या बहिणींना एकदा काळजीची सवय लागली की सुटत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

ताईनं शब्द पाळला, गिरकी काढली. त्यानं आणखीच वाईट झालं. आता लोक "एकाच"वर थांबले आणि पाठोपाठ काहीच वाजलं नाही. नुसती शांतता. त्या शांततेत मागे कुणाची तरी किल्ली पडली ती सगळ्यांनी ऐकली. फादर वाटेत थांबले ते थांबलेच, आणि त्यांनी वेदीकडे बघून मान झुकवली. मग गाणं निघालं.

मिस्सेनंतर फादरनी जाहीर केलं की शेजारच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, देवळाचं छप्पर उतरवणार आहेत. तिकडचे वयस्कर फादर विश्रांतीला गेल्यापासून आमचेच फादर दोन्हीकडे बघतात. तेव्हा पुढच्या रविवारपासून तिकडची मंडळी आमच्याकडे, आमच्याच मिस्सेला येणार. काम वर्ष संपेपर्यंत चालेल.

आणि मी मुका! आमचं हे असं अडखळतं गाणं घेऊन आम्ही पाहुण्यांसमोर उभे राहणार. देवा, वेळ तरी बघायचीस.

मंगळवार, १७ सप्टेंबर

शेजारच्या देवळात गाणं चालवणारे सर आज माझ्या कामाच्या खोलीत आले. शाळेत खेळ शिकवायचे, गळ्यात अजून शिट्टी असते, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. हसरा, उंचापुरा माणूस. स्वतःचे सगळे दात शाबूत. मी ते आधी बघितले.

"मास्तर, तुमच्या देवळात आम्ही येणार, तेव्हा गाणी तुम्ही सांगाल ती," ते म्हणाले. मी प्रवेशगीताचं नाव लिहिलं. त्यांना आनंद झाला, त्यांच्याकडेही तेच गातात. लगेच गाऊन दाखवलं. "अनेक आम्ही तरी एकाच देहाचे अवयव सारे," सगळी ओळ एका दमात, मेणात बसवलेल्या दातांसमोर उभं राहून. मला जरा हेवा वाटला. म्हणजे बराच वाटला.

"तुमच्याकडे असंच ना?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं, "अगदी असंच."

रविवार, २२ सप्टेंबर

काय लिहू? फजिती झाली.

पाहुणे डावीकडच्या बाकांवर बसले, आम्ही उजवीकडे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसं झालं. गाणं सुरू झालं. "एकाच"वर आमची बाजू थांबली, त्यांची बाजू सरळ पुढे गेली. ते "सारे"वर पोचले तेव्हा आम्ही "देहाचे" म्हणून निघत होतो. ते थबकले. आम्ही थबकलो. पुढच्या ओळीला दोन्ही बाजू दुसरी कुठे आहे हे ऐकत बसल्या आणि कुणीच नीट गाईना. फादर वाटेत उभे, पुढे जावं की थांबावं ते कळेना, पाय अर्धवट उचललेला. तिसऱ्या कडव्याला डावी बाजू गप्प झाली. नुसती गाण्यांच्या पुस्तिकेत बघत उभी राहिली.

बाहेर पडल्यावर दारापाशी दोन घोळके. त्यांच्यातल्या एक आजी आमच्या बाकाशी येऊन बायकोला म्हणाल्या, "आमच्यामुळे तुमचं गाणं बिघडलं हो. पुढच्या वेळी आम्ही तोंड मिटून बसू." त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फादर म्हणाले, असंच होणार असेल तर पाहुण्यांना दुपारी वेगळी मिस्सा ठेवतो. म्हणजे जेवणाच्या वेळी, उन्हाच्या कडाक्यात, म्हातारी माणसं घेऊन. एका घरात दोन चुली.

आमच्या लोकांना एक ओळ सरळ म्हणता येत नाही. मी या सगळ्यांना इतकी वर्षं काय शिकवलं?

सोमवार, २३ सप्टेंबर

ठरवलं, पुरावाच दाखवायचा. माझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग शोधायचं, शनिवारी सगळ्यांना बोलावून ऐकवायचं, की बाबांनो, असं गायचं असतं. ताईच्या लेकीच्या लग्नाची मिस्सा कुणीतरी फोनवर घेतली होती. भाचीनं दुपारी पाठवून दिली.

खालची कवळी घासायला घेतली होती. यंत्र बंद केलं, फोन कानाला लावला. माझा आवाज आला, भरदार. "अनेक आम्ही तरी एकाच..." आणि मग मी श्वास घेतला. माइकवर तो वादळ आल्यासारखा ऐकू येतो. तेवढ्यात मागून ताईची गिरकी आली, नाजूक, बरोबर तेवढ्याच लांबीची. मग मी: "देहाचे अवयव सारे."

पुन्हा लावलं. दुसरं कडवं. तिथेच श्वास. तिसरं कडवं. तिथेच.

लोक ढासळले नव्हते. लोक मी शिकवलं तस्संच गात होते. माझा दम जिथे संपतो तिथे अख्खं देऊळ थांबत होतं, आणि मी त्यांना शिस्त नाही म्हणून डायरी भरत होतो. मला इतकी लाज वाटली की कवळी हातात घेऊन तसाच बसून राहिलो. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा म्हणाली, "काय झालं? कुणाचे दात उलटे बसवले का?"

मंगळवार, २४ सप्टेंबर

ताईला बोलावून घेतलं. ती आणि बायको स्वयंपाकघरात बसल्या आणि मी पाटी घेऊन समोर. चोरी पकडायला निघालो होतो मी, आणि चोर मीच ठरलो.

"तुला माहीत होतं?" मी ताईला लिहिलं.

"अरे, मीच तर भरून काढत होते," ती म्हणाली. "न्यूमोनियातून उठलास आणि आठवडाभरात गायला उभा राहिलास. ऐकतोस कुणाचं? त्या रविवारी तुझा दम तिथे तुटला. मी पटकन चार सूर वाजवले. पुढच्या रविवारी परत तुटला, परत वाजवले. मग तेच सुरू राहिलं."

"आणि लोक?"

आता बायको बोलली. "आम्ही थांबलो. तुम्ही पुढे एकटेच श्वास घेत उभे राहिलात आणि आम्ही पुढे निघून गेलो, असं कसं करणार? पहिल्या रविवारी पुढचे दोन-तीन बाक थांबले. नंतर सगळेच थांबायला लागले. आता ज्यांची लग्नं झाली ती पोरं तर तेच ऐकत मोठी झाली. त्यांना वाटतं, चालच तशी आहे."

"सगळ्यांना माहीत आहे?" मी लिहिलं. खडू तुटला.

"सगळ्यांना कुठे," बायको म्हणाली. "फादरना नव्हतं."

फादरना खरंच नव्हतं. संध्याकाळी त्यांना सांगायला गेलो, म्हणजे पाटी दाखवायला, तर ते वाचून खुर्चीत मागे रेलले. "मास्तर, मला वाटलं, तिथे थांबून वेदीला मान झुकवायची इथली जुनी प्रथा आहे. मी वर्षभर झुकवतोय. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांनाही शिकवलं." मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मला हसू आलं नाही. सगळं देऊळ माझ्यासाठी थांबत होतं आणि मला वाटत होतं मी सगळ्यांना चालवतो. कुणी एका शब्दानं बोललं नाही. रागवावं की रडावं ते कळेना. थोडं रडलो. आवाज न करता रडायला सध्या मला परवानगी आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर

संध्याकाळी आमच्या बाजूच्या लोकांना बोलावलं. उद्या जमलं नाही तर पाहुण्यांना दुपारची वेगळी मिस्सा, हे फादरनी स्पष्ट सांगितलं. मी मोठ्या फळ्यावर लिहिलं: "'एकाच'नंतर थांबायचं नाही. तो फक्त माझा श्वास होता."

कुणी हसलं नाही. मी हसतील म्हणून तयारीत होतो. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कुणाच्या घरची खासगी गोष्ट चारचौघांत निघाल्यासारखे.

पोस्टवाले आजोबा उठले. "मास्तर, आम्ही सरळ जाऊ हो. पण तुम्ही परत आल्यावर काय?"

मला परत यायचं आहे. त्याच माइकपाशी, त्याच जागी. आणि मी परत आलो तर हे सगळे पुन्हा थांबतील, शिट्टीसरांचे लोक पुन्हा पुस्तिकेत बघत उभे राहतील. मी लिहिलं, "माझं मी बघेन." लिहिताना वाईट वाटलं, हे इथे कबूल करतो.

मग ताईनं सूर दिला. पहिल्यांदा निम्मे थांबले. दुसऱ्यांदा शिवणवाल्या बाई एकट्याच थांबल्या आणि लाजल्या. पाचव्यांदा ओळ सरळ गेली. काय सुंदर ओळ आहे ती! मी इतकी वर्षं ती तोडून खात होतो.

रविवार, २९ सप्टेंबर

आज जे झालं ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

गाणं सुरू झालं. "अनेक आम्ही तरी एकाच"... आमची बाजू, शिकवल्याप्रमाणे, सरळ पुढे गेली. आणि पाहुण्यांची बाजू थांबली! थांबली, आणि शिट्टीसरांनी तर डोळे मिटून मानसुद्धा झुकवली. आम्ही "सारे"वर, ते "देहाचे"वर.

आम्ही त्यांच्यासाठी सरळ जायला शिकलो होतो आणि ते आमच्यासाठी थांबायला. शिट्टीसरांनी गुरुवारी त्यांच्या एका बाईंच्या घरी सगळ्यांना जमवून तालीम घेतली होती म्हणे. "पाहुणे आपण, त्यांची रीत आपण पाळायची." त्या तोंड मिटून बसणाऱ्या आजींनी चार वेळा म्हणून दाखवलं होतं.

पहिल्यांदा हसले ते फादर. वाटेच्या मधोमध, सगळे झगे-बिगे घालून. मग डावी बाजू, मग उजवी. पोस्टवाले आजोबा हसताना त्यांची वरची कवळी अखेर सुटली, ती त्यांनी रुमालात धरली. सोमवारी आणतो म्हणाले. शिवणवाल्या बाई तोंड उघडून हसल्या, नाही पडली.

ताई मात्र वाजवतच होती, तिला हसायला हात मोकळे नव्हते. दुसरं कडवं तसंच हसण्यात वाहून गेलं. तिसरं आलं तेव्हा कुणाला काही आठवेना, कोणी थांबायचं आणि कोणी जायचं. काही आमच्यातले थांबले, काही त्यांच्यातले. ज्याला जिथे दम लागला तिथे त्यानं घेतला. शिस्त म्हणाल तर औषधालासुद्धा नव्हती. पण ओळ कुठेही तुटली नाही. हे कसं झालं ते मला अजून समजलेलं नाही. पेन हातात घेऊन बसलोय तरी समजत नाही.

बाहेर एकच घोळका होता. दुपारच्या मिस्सेचं कुणी नाव काढलं नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पुन्हा नळी. गाठ बसली आहे, ऑपरेशन नको. डॉक्टरांनी मला "आ" म्हणायला लावलं. आवाज आला तो माझा नव्हता. खरखरीत, पातळ, कुणाकडून तरी उसना आणल्यासारखा.

"हळूहळू बोला. गायचंही हळूच, सगळ्यांबरोबर. माइकवर, मोठ्यानं, पूर्वीसारखं..." त्यांनी मान हलवली. "तसा येईलच असं मी सांगू शकत नाही."

बोलायला मोकळा झालो आणि वाटेत एक शब्दही बोललो नाही. बायकोही नाही. तिनं माझा हात धरला होता, भर रस्त्यात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, भर रस्त्यात तिनं कधी धरला नव्हता.

मला पुढे उभं राहायला आवडायचं. ते भरदार "अनेक आम्ही" देवळाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत यायचं तेव्हा वाटायचं, हे सगळं मी उचललं आहे. ते गेलं. हे इथे लिहितो, कारण घरात बोललो तर बायको रडेल, आणि मग मला तिची समजूत काढावी लागेल, आणि ती कुठल्या आवाजात काढणार?

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

फादर आले. "रविवारी माइक सुरू करू का, मास्तर? हळू आवाज तर हळू. लोकांना आवडेल."

लोकांना आवडेल, मला माहीत आहे. ते लगेच थांबतील. ती शिवणवाली बाई, आजोबा, आता शिट्टीसरसुद्धा. सगळे माझ्या श्वासाभोवती हात जोडून उभे राहतील.

"नको," मी म्हणालो. पाटीशिवाय म्हटलेला पहिला शब्द. बायको आतून बाहेर आली आणि तिनं फादरना बिस्किटं दिली.

रविवार, १३ ऑक्टोबर

बाकांवर आता डावं-उजवं राहिलेलं नाही. आमच्या बाकावर माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला त्या पाहुण्या आजी. माइक वेदीपाशी उभा होता, एकटाच, त्याला सध्या काही काम नाही.

ताईनं सूर दिला. मी गायलो. अगदी हळू, माझ्या या नव्या उसन्या आवाजात. "अनेक आम्ही तरी एकाच," आणि दम संपला. तिथेच. सवय म्हणा, फुप्फुसं म्हणा. मी थांबलो आणि कान टवकारले. कुणीच थांबलं नाही. सगळं देऊळ सरळ पुढे निघून गेलं.

एक क्षण फार लागलं मला. पोरक्यासारखं वाटलं. इतकी वर्षं थांबणारी माणसं, आणि आज एकालाही पत्ता नाही की मास्तर मागे राहिला. मग छाती भरली, आणि "अवयव"पाशी मी परत शिरलो. कुणी मागे वळून पाहिलं नाही, शिरायला जागाही करावी लागली नाही. ओळ चालूच होती, माझ्यावाचून अडली नव्हती आणि मी आल्यावर तिनं मला घेतलं.

दुसऱ्या कडव्यातही तेच. पण तिसऱ्या कडव्यात मी "एकाच"नंतर थांबलो नाही, कसं कुणास ठाऊक, ओळ पार झाली. आणि शेवटच्या लांब "सारे"वर शेजारी बायकोचा आवाज गेला. तिचा दम संपला होता. तिलाही दम लागतो हे मला माहीत नव्हतं. पलीकडे आजी खोकल्यात अडकल्या होत्या. आमच्या बाकावर त्या क्षणी गाणारा मी एकटा होतो. मी तो सूर धरून ठेवला, खरखरीत होता तसा, ती श्वास घेईपर्यंत. तिनं घेतला, आणि माझ्या आवाजावर परत आली.

घरी येताना हे तिला सांगणार होतो. नाही सांगितलं. म्हणेल, "माहीत आहे मला."